नकार देऊ शकणारे डायव्हिंग केंद्र : सुट्टीतल्या स्कूबा डायव्हिंगचा एक अनुभव

सुट्टीसाठी डायव्हिंग केंद्र शोधताना ज्या अभिप्रायावरून माझे मत ठरले, तो पाचपैकी एकच तारा दिलेला अभिप्राय होता. लिहिणाऱ्या बाईंची तक्रार अशी होती की, त्यांचे पती रक्तदाबाच्या गोळ्या घेतात एवढ्याच कारणावरून केंद्राने त्यांना डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात उतरू दिले नाही आणि त्यांच्या सुट्टीचा एक दिवस वाया गेला. पाच तारे दिलेले अभिप्राय मी नंतर वाचले; त्यांत हसतमुख कर्मचारी, सुंदर फोटो आणि जवळून पाहिलेले कासव यांचे कौतुक होते. ते सगळे खरे असेलही, पण पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्या माणसाला नीट नियोजन केलेली बुडी आणि केवळ सुदैवाने निभावलेली बुडी यांतला फरक कळण्याचे काही साधनच नसते, कारण दोन्हींच्या शेवटी तो सारख्याच आनंदात वर येतो. म्हणून ज्या केंद्राने पैसे देणाऱ्या ग्राहकाला परत पाठवले होते, त्याच्याकडे जाऊन पाहावे असे मला वाटले.

त्या केंद्राचे नाव मी येथे देत नाही. डायव्हिंग केंद्राचा दर्जा हा ते चालवणाऱ्या माणसांचा दर्जा असतो, आणि या व्यवसायात प्रशिक्षक एका हंगामात इथे तर दुसऱ्या हंगामात दुसरीकडे असतात. मी पाहिलेल्या गोष्टी मात्र कोणत्याही समुद्रकिनाऱ्यावर, कोणत्याही केंद्रात पाहता येण्यासारख्या आहेत, म्हणून हे परीक्षण जरा तपशिलात लिहीत आहे.

माझ्याकडे १८ मीटरपर्यंतच्या खोलीचे प्राथमिक प्रमाणपत्र आहे, पण शेवटची बुडी मारून तीन वर्षे उलटली होती. माझ्या पतींना पहिल्यांदाच पाण्याखाली जायचे होते. पैसे भरण्यापूर्वी आम्ही अर्धा दिवस खर्चून तीन केंद्रे स्वतः जाऊन पाहिली.

पहिल्या केंद्रात आम्हाला उंची, वजन आणि पायाचे माप एवढेच विचारण्यात आले. आरोग्याचा अर्ज होता, पण तो सहीच्या जागेवर घडी घालून पुढे सरकवला गेला. पतींनी तो उलगडून वाचला आणि लहानपणी दमा होता असे सांगितले, तेव्हा समोरच्या माणसाने अगदी सहजपणे सुचवले की, तिथे ‘नाही’ लिहावे, म्हणजे पुढची कटकट वाचते. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू मला दिसला नाही. तो रोज हेच सांगत असणार, आणि बहुतेक दिवशी काही घडत नसणार. पण हा प्रश्न त्या अर्जात का आहे, हे एकदा समजून घेतले की त्या सल्ल्याची भीती वाटते. समुद्रात १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून फुप्फुसभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि ती उच्छ्वासावाटे सतत बाहेर पडत राहिली तरच फुप्फुस सुरक्षित राहते. दम्यामुळे श्वासनलिका आकुंचन पावली असेल, तर फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकून राहू शकते आणि वर येताना तीच हवा फुगून ऊती फाडू शकते. तिथून ती रक्तात शिरली तर मेंदूपर्यंत पोहोचते. याच कारणासाठी प्रत्येक नवख्या माणसाला ‘श्वास कधीही रोखू नका’ हा पहिला नियम शिकवला जातो, कारण जेमतेम दीड मीटरवरून श्वास रोखून वर आलेल्या माणसालाही अशी इजा होऊ शकते. अर्जात खोटे लिहिल्याने केंद्राचे कागद स्वच्छ राहतात, पण फुप्फुसात काही फरक पडत नाही.

दुसरे केंद्र दिसायला या तिन्हींत सर्वांत चांगले होते. सामान नवे होते, बोट मोठी होती, माणसे नम्र होती. आम्ही मागच्या बाजूला सिलिंडर भरण्याची जागा पाहायला मागितली आणि त्यांनी ती मोकळेपणाने दाखवली, याबद्दल मला आजही आदर आहे. मात्र सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला हवा घेणाऱ्या नळीचे तोंड डिझेलवर चालणाऱ्या जनरेटरच्या धुराड्यापासून काही हातांवरच होते. वारा त्या दिशेने फिरला की जनरेटरचा धूर थेट सिलिंडरमध्ये जाण्याची सोयच तिथे झाली होती. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि खोलीवर हवेचा दाब वाढतो तसा त्याचा परिणामही वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट दाबाने शरीरात जातो. श्वसनाच्या हवेसाठी युरोपात वापरल्या जाणाऱ्या ईएन १२०२१ या मानकात या वायूची मर्यादा दशलक्ष भागांत ५ इतकी कमी ठेवली आहे ती त्यामुळेच. हवेची तपासणी शेवटची कधी झाली, असे विचारल्यावर कोणालाच तारीख सांगता आली नाही. हे केंद्र नाकारताना मला वाईट वाटले, कारण एक लांब नळी आणि वर्षातून काही वेळा केलेली तपासणी एवढ्यावर ती त्रुटी दूर होणारी होती.

तिसरे केंद्र म्हणजे एक तारा मिळालेले ते. येथे आमच्या प्रश्नांआधी त्यांचेच प्रश्न सुरू झाले. माझे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, शेवटची बुडी कधी आणि किती खोल, प्रवाहात पोहण्याचा अनुभव आहे का, परतीचे विमान कधी आहे, हे सगळे त्यांनी लिहून घेतले. मी तीन वर्षांचे अंतर सांगताच, आधी उथळ पाण्यात उजळणी केल्याशिवाय बोटीवर घेणार नाही, असे मला सांगण्यात आले. क्षणभर मला ते अपमानास्पद वाटले, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी उथळ पाण्यात मास्क काढून पुन्हा लावताना माझ्या नाकात पाणी गेले आणि मी वर धाव घ्यायला निघाले, तेव्हा प्रशिक्षकाने माझा दंड धरून मला शांतपणे खाली थांबवले. हाच प्रसंग १५ मीटरवर घडला असता, तर मी काय केले असते हे मला चांगले ठाऊक आहे. पतींचा अर्ज वाचून त्यांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगण्यात आले. डॉक्टरांनी त्यांची तपासणी करून, अनेक वर्षांत दम्याचा एकही झटका नाही याची खात्री करून परवानगीची सही केली, आणि या सगळ्यात दीड दिवस गेला. केंद्राने तोवर त्यांच्याकडून एक पैसाही घेतला नव्हता.

येथे संस्थांच्या पाट्यांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. पॅडी, एसएसआय, नॉवी, सीमास यांसारख्या संस्था प्रशिक्षणाचे किमान नियम ठरवतात, आणि आयएसओ २४८०३ हे आंतरराष्ट्रीय मानक डायव्हिंग सेवा देणाऱ्या केंद्रांनी काय पाळावे हे सांगते. भिंतीवर पाटी असणे म्हणजे ते नियम पाण्याखाली पाळले जाणे नव्हे. प्रत्येक प्रशिक्षकाला त्याच्या संस्थेचा क्रमांक असतो, आणि तो सध्या शिकवण्यास पात्र आहे का, हे अशा संस्थेकडे तपासता येते. आम्ही क्रमांक मागितला तेव्हा प्रशिक्षकाने लगेच कार्ड काढून दिले. हा प्रश्न विचारताना पुष्कळांना संकोच वाटतो. आमच्या अनुभवात चांगल्या प्रशिक्षकाला त्याचा राग आला नाही.

पतींच्या पहिल्या बुडीबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण सुट्टीवर आलेले बहुसंख्य लोक हीच बुडी मारतात आणि सर्वाधिक हेळसांडही हिचीच होते. प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला प्रशिक्षकासह जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेता येते, आणि पॅडीच्या नियमानुसार खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे अशी चारपेक्षा जास्त माणसे असता कामा नयेत. या केंद्रात एका प्रशिक्षकाबरोबर दोनच होती. समुद्रात जाण्यापूर्वी कमरेएवढ्या शांत पाण्यात जवळपास तासभर सराव झाला. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे, तोंडात धरायचे उपकरण) तोंडातून निसटला तर तो परत कसा घ्यायचा, मास्कमध्ये पाणी शिरले तर नाकाने फुंकून ते कसे बाहेर काढायचे, नाक चिमटीत धरून कानांतला दाब कसा समान करायचा, हे त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतले गेले. अंगठा वर करण्याचा अर्थ पाण्याखाली ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा होतो, हेही तिथेच कळले. कान दुखू लागला तर थांबायचे, सहन करायचे नाही, हे तीनदा सांगितले गेले. पतींबरोबरच्या दुसऱ्या नवख्या गृहस्थांना सरावात मास्कमधले पाणी काढणे जमेना, तेव्हा त्यांना त्या दिवशी समुद्रात नेले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव करून नेले.

त्याच ठिकाणी आमच्याजवळ दुसऱ्या एका बोटीतून आलेले लोक उतरत होते आणि तिथले दृश्य पाहून मन अस्वस्थ झाले. पाण्याखालचा माणूस प्रत्येकाला सिलिंडरच्या वरच्या टोकाला धरून पुढे ढकलत नेत होता, जणू सामानाची ढकलगाडी चालवावी. त्या माणसांना पायांतले फिन (पोहण्याचे पंखे) हलवण्याचेही काम नव्हते. एक फोटोग्राफर त्यांना प्रवाळाला धरून थांबायला लावत होता. ज्याला आपला रेग्युलेटर परत तोंडात घेता येत नाही, त्याची सुरक्षितता सर्वस्वी मागच्या हातावर अवलंबून असते, आणि तो हात एकाच वेळी दोन माणसांना धरत असेल तर ती अवलंबून राहण्याजोगी नसते. असे लोक बाहेर येऊन ‘काहीच अवघड नव्हते’ म्हणतात, तेव्हा ते खरेच सांगत असतात, कारण त्यांना काही करूच दिलेले नसते.

बोटीवर चढल्यावर मी आधी ऑक्सिजन कुठे आहे हे विचारले. जलद वर आल्याने रक्तात व ऊतींत नायट्रोजनचे बुडबुडे झाले, तर शंभर टक्के ऑक्सिजन देणे हाच पहिला उपचार असतो, आणि तो रुग्णालयाच्या वाटेवर नव्हे तर बोटीवरच सुरू व्हावा लागतो. नावाड्याने पेटी उघडून दाबमापकावर सिलिंडर भरलेले असल्याचे दाखवले, मुखपट्टी दाखवली, आणि सर्वांत जवळचे रिकंप्रेशन चेंबर (अशा रुग्णाला वाढीव दाबात ठेवून उपचार करण्याचा कक्ष) कुठे आहे व तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे न अडखळता सांगितले. रेडिओ चालू होता. सगळे पाण्याखाली असताना बोटीवर बोट चालवता येणारा माणूस राहतो, हेही आवर्जून पाहावे.

निघताना आणि परतताना नावे वाचून मोजणी झाली, आणि प्रत्येकाने स्वतः ‘हजर’ म्हणायचे होते. कोणी कोणाच्या वतीने बोललेले चालत नव्हते. हा सोपस्कार वाटेल, पण त्यामागे एक दुःखद घटना आहे. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर चुकीच्या मोजणीमुळे एक अमेरिकन जोडपे समुद्रातच राहिले आणि बोट परत गेली. ते बोटीवर नव्हते हे दोन दिवसांनी लक्षात आले, आणि ते पुन्हा कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलंडमध्ये मोजणीचे नियम कडक करण्यात आले. रात्रीचा मुक्काम असलेल्या बोटीची सफर घेणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा : रात्री पहाऱ्यावर कोण असते? २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला पहाटे आग लागून ३४ जण मृत्युमुखी पडले. त्या रात्री जागता पहारा ठेवलेला नव्हता.

माझी स्वतःची बुडी साधी आणि सुंदर झाली. आधी किनाऱ्याचा नकाशा दाखवून कुठे उतरायचे, किती खोल जायचे, कोणत्या दिशेने वळायचे, जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधून वर यायचे, हे सांगण्यात आले. जोडीदाराचे बीसीडी (हवा भरून तरंगणे सांभाळणारे जाकीट), वजने, बकले, हवा आणि पर्यायी रेग्युलेटर एकमेकांनी तपासून पाहिले. गटातल्या एका गृहस्थांची हवा इतरांपेक्षा लवकर संपत आली, तेव्हा मार्गदर्शकाने पूर्ण गटालाच वर वळवले. सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा शिल्लक असताना बोटीजवळ असायचे हा त्यांचा नियम होता आणि तो एका माणसासाठीही वाकवला नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी ठेवला आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबून मगच आम्ही डोके पाण्याबाहेर काढले. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या जागी प्रवाह जोरात होता. मार्गदर्शक स्वतः उतरून पाहून आला आणि बुडी रद्द झाली. बोटीवर नाराजीची कुजबुज झाली, पण त्याने वाद घातला नाही आणि माफीही मागितली नाही, फक्त पैसे परत मिळतील असे सांगितले.

आता उणिवांबद्दल. बोट रोज अर्धा-पाऊण तास उशिरा निघत असे आणि त्याचे कारण कोणी सांगत नसे. मला मिळालेला मास्क जुना होता, त्याची रबरी कड कडक झाली होती, आणि मागितल्यावरच तो बदलून मिळाला. सिलिंडरवर दाब-चाचणीची तारीख कोरलेली होती व ती मुदतीत होती, पण रेग्युलेटरच्या दुरुस्तीची वही मी मागितली तेव्हा ती ‘शोधून दाखवतो’ असे सांगितले गेले आणि शेवटपर्यंत दाखवली गेली नाही. ही माझ्या मते या केंद्राची सर्वांत मोठी त्रुटी आहे, आणि परत गेले तर मी आधी तीच वही मागेन.

समुद्राबद्दलची जबाबदारी हा माझ्यासाठी सुरक्षिततेइतकाच महत्त्वाचा निकष होता, आणि येथे माझा अनुभव संमिश्र आहे. बोट प्रवाळावर नांगर न टाकता कायम बांधलेल्या तरंगत्या बोयाला दोर बांधत होती. एक नांगर एका ओढीत जेवढे मोडतो, ते पुन्हा वाढायला कित्येक दशके लागतात, कारण दगडासारख्या दिसणाऱ्या प्रवाळाच्या अनेक जाती वर्षाला जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वाढतात. हातमोजे घालू दिले जात नव्हते, कारण हातमोजे घातले की माणूस निर्धास्तपणे काहीही धरतो. लोंबणारी नळी आणि दाबमापक छातीशी अडकवूनच उतरायचे, असा दंडक होता. माशांना काही खायला घालणे बंद होते. मात्र एका मार्गदर्शकाने कपारीत लपलेल्या ऑक्टोपसला बाहेर काढण्यासाठी धातूची काडी आत खुपसली. तो प्राणी रंग बदलत दुसऱ्या कपारीत पळाला, गटातल्या लोकांनी आनंदाने फोटो काढले, आणि मला त्या बुडीचा उरलेला भाग नकोसा झाला. वर आल्यावर मी ते केंद्राच्या प्रमुखांना सांगितले. त्यांनी त्या मार्गदर्शकाला माझ्यासमोर बोलावले नाही, ते मला योग्य वाटले. पण दुसऱ्या दिवशीच्या सूचनांत ‘काडी फक्त वाळूत टेकून स्थिर राहण्यासाठी’ असे वाक्य आले आणि तो मार्गदर्शक त्या दिवशी काडी न घेताच उतरला.

या बाबतीत निवड करणाऱ्यांना ‘ग्रीन फिन्स’ या उपक्रमाची मदत होऊ शकते. संयुक्त राष्ट्रसंघाचा पर्यावरण कार्यक्रम आणि रीफ-वर्ल्ड फाउंडेशन यांच्या या उपक्रमात केंद्रे १५ कलमी आचारसंहिता स्वीकारतात आणि प्रशिक्षित परीक्षक त्यांची पाहणी करतात. तो सगळीकडे नाही, त्यामुळे यादीत नाव नाही म्हणून केंद्र वाईट ठरत नाही. पण नांगर कुठे टाकता, आणि ग्राहकाने प्रवाळाला हात लावला तर काय करता, हे दोन प्रश्न कुठेही विचारता येतात. आमच्या केंद्राचे उत्तर होते की, पहिल्यांदा खूण करून सांगतो, दुसऱ्यांदा वर आणतो.

शेवटच्या दिवशी दुपारच्या एका बुडीसाठी जागा रिकामी होती आणि पाणी त्या आठवड्यातले सर्वांत नितळ होते. आमचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता सुटणार होते. अनेक दिवस सलग बुड्या मारल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जावे लागतात, अन्यथा विमानातल्या कमी दाबात शरीरात उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. म्हणजे दुपारी १२ नंतर आम्हाला पाण्यात असता येत नव्हते. मी तरीही विचारून पाहिले, फक्त ६ मीटरवर, फक्त वीस मिनिटे. केंद्रातल्या मुलीने पहिल्या दिवशी लिहून घेतलेला विमानाच्या वेळेचा कागद काढला, माझ्यासमोर ठेवला आणि ‘नाही’ म्हणाली. आम्ही धक्क्यावर बसून आमच्याशिवाय निघालेली बोट दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिलो, आणि पती त्यांच्या कोऱ्या लॉगबुकात पहिल्या दोन बुड्यांची खोली व वेळ भरत होते.